साका

रिवणच्या खाणीवरून सावर्ड्याच्या धक्क्यापर्यंत
दहा टनांचा टिपर घेऊन
दिवसाला सहा फेऱ्या मारणारा मी माणूस.
आता ताळगावच्या पठारावर, दुसऱ्या मजल्यावर
काचेची भांडी धुतो.

माल तोच. लोखंड आणि प्राणवायू.
फक्त इथे तो कुणी खणत नाही,
पाण्यातून बोलावून आणतात.

एझिल्डा कुलासो, पीएचडीचं तिसरं वर्ष,
पहिल्याच दिवशी म्हणाली, "वेळीपमामा,
ढवळायला चुंबकाची गोळी नको हां,
ती केसाळ होऊन बाहेर येते."
मला वाटलं, थट्टा करते.
मग एकदा पाहिली. अस्वलाचं पिल्लू.
तेव्हापासून काचेची दांडी, आणि वर मोटर.

फेरिक दोन भाग, फेरस एक.
पाणी आधी उकळून त्यातली हवा घालवायची
आणि नायट्रोजनचे बुडबुडे सोडत राहायचं.
(सिलिंडर जिन्याने वर आणणं, एवढंच यातलं माझं शास्त्र.)
मग ब्युरेटमधून अमोनिया. थेंब.
थेंब.
डोळ्यांना पाणी, नाकात झणका,
नारिंगी द्रावण अजून गप्प.

आणि मग एका थेंबाला काळं.
हळूहळू नाही. दिवे गेल्यासारखं.

पुस्तकात त्याला अवक्षेप म्हणतात.
आमच्याकडे साका.

तिने सांगितलं: पाण्याला पेलवेना इतकं झालं
की एकाच क्षणी अगणित बीजं धरतात.
बीजं उदंड, वाटणीला लोखंड थोडकं,
म्हणून कुणीच मोठं होत नाही.
दहा नॅनोमीटर.
म्हणजे केवढं, बाय?
ती जरा थांबली. "तुमचं नख
दहा सेकंदांत वाढतं, तेवढं."
मी नखाकडे बघत राहिलो. दहा मोजले.
पूर्वी त्याच्या कडेला तांबडी रेघ असायची.

आणि तसंच तापत ठेवलं तर?
तर म्हणे लहान कण विरघळतात,
त्यांचं लोखंड मोठ्यांच्या अंगावर जाऊन बसतं.
हे मला समजावावं लागलं नाही.
खाण बंद पडली तेव्हा एकेका गाडीचे मालक आम्ही
असेच गेलो.
टिपर भंगारात किलोवर विकला,
आरसा तेवढा काढून घेतला. दाढीला होतो.

चवथीच्या आदल्या आठवड्यात चूक माझी झाली.
सिलिंडरचा काटा पाहिला नाही.
रात्री कधीतरी नायट्रोजन संपला, बूच सैल,
हवा आत शिरली.
सकाळी भांड्यात काळं नव्हतं, विटकरी होतं.
एझिल्डा ओरडली नाही. वहीत लिहिलं:
नमुना एकोणीस, ऑक्सिडेशन, बाद.

मी मात्र तो रंग ओळखला.
दोरीवरच्या चादरींचा, केळीच्या पानांचा,
बायकोच्या खोकल्यानंतरच्या रुमालाचा.
वीस वर्षं जे मी गाडी भरभरून वाहिलं,
ते या काचेत
कुणालाही नको होतं.

"चुंबक लावून बघ," मी म्हटलं.
तिने लावला. तेही सरकलं,
जडपणे, पण सरकलं.
"हं," ती म्हणाली, आणि बाद खोडलं नाही.

मग नवा सिलिंडर. नवं पाणी. पुन्हा थेंब.
संध्याकाळी काळा साका चुंबकाने भिंतीशी धरला,
वरचं पाणी ओतलं, पुन्हा धुतला,
पाच वेळा, लिटमस निवेपर्यंत.
ओव्हनमधून निघाला तो एक ग्रॅम आणि वर काही.
बटर पेपरच्या पुडीत, कुंकवासारखा दुमडून.
तिने ती पुडी दोन्ही हातांत धरली.
दहा टनांना मी एक हात लावायचो, स्टिअरिंगवर.

ती गेल्यावर भांडी माझी.
काळी साय काचेला धरून बसते,
साबणाला ऐकत नाही.
पातळ आम्ल घातलं, हातमोजे चढवले, थांबलो.
काळं सुटत गेलं.
पाणी पिवळं झालं, सकाळी होतं तसं,
लोखंड पुन्हा पाण्यात, कण एकही नाही.

ते सिंकमध्ये ओतायचं नसतं.
बरणीवर चिठ्ठी आहे: लोह, टाकाऊ.
बरणी गळ्यापर्यंत आली आहे,
उद्या सांगायला हवं.